तीन बोटांचा डोळा

सगळ्यात आधी गाठ सुटली.
म्हणजे जाळ्याची.
बाबानं फेकलं, ओढलं,
आणि वीतभर भगदाडातून मरळ निघून गेली.
पाळीवर कपडे धुणाऱ्या बायका हसल्या.
कवडूच्या गाठीतून आजवर
पाणीच तेवढं सुटत आलेलं.

मग शब्द.
पाटी हवी असली की "ते... ते दे ना, ते."
आईला तिच्या बहिणीच्या नावानं हाक.
शेजारी म्हणाला, सकाळीच घेते का आजकाल?
रात्री तो झोपल्यावर
आईनं त्याचं तोंड हुंगून पाहिलं.
नुसता तंबाखू.

अर्जुनीच्या दवाखान्यात उरकुडे मॅडम,
बॉन्डवर आलेली,
टेबलावर अर्धा खाल्लेला पोह्यांचा डबा.
म्हणाली, काका, डोळे मिटा,
दोन्ही हात पुढे, तळवे वर,
कोणी परसाद देत आहे असं.
पंखा करकरत होता.
डावा हात तसाच राहिला.
उजवा आधी थोडा वळला,
मग जाळ्याची शिशाची कड पाण्यात बसत जाते तसा
हळूहळू,
बाबालाही न सांगता,
खाली.
"धरले आहो ना बराबर?" मिटल्या डोळ्यांनी बाबा.
मॅडमनी डब्याचं झाकण लावलं.
"आजच नागपूर. उद्या नाही."

मेडिकलच्या व्हरांड्यात सतरंजी, तीन रात्री.
एमआरआयच्या बोगद्यातून बाबा निघाला
तो म्हणत, आत राइस मिल आहे.
फिल्मवर एक गोल,
कडेला पांढरा, मधे काळा.
काझी सरांनी पेनाचं टोक ठेवलं : "ही गाठ."
आई पुढे सरकली.
"गाठ मारनं ह्याइचंच काम हाय, साहेब.
सोडवाची कशी, थे तुमी सांगा."
सर हसले नाहीत.
बाटली उघडून पाणी प्यायले.

निघाली तेवढी काढली.
उरलीचे धागे हाताच्या हुकुमापर्यंत गेलेले,
ओढले असते तर हात गेला असता.
एक तुकडा काचेवर बसून मुंबईला गेला.
बाबा कधी गेला नाही तिथं.
सतराव्या दिवशी नाव आलं.
मी बसस्टँडवर ते अक्षर अक्षर वाचलं :
ग्लायोसार्कोमा.
चुलीला जळण, तसं ह्या गाठीला डोकं, सर म्हणाले.
आणि, अठरा वर्षांत माझ्याकडची ही तिसरी.
पहिल्या दोघांचं विचारायला मी तोंड उघडलं,
आईनं माझी ओढणी ओढली.

मग शेक. तीस वेळा. शनिवार-रविवार सुटी.
त्यासाठी मुखवटा :
गरम पाण्यातून काढलेली पांढरी जाळी
चेहऱ्यावर ताणून बसवली,
थंड होऊन ती कडक झाली, बाबाच्या नाकासकट.
पहिल्या दिवशी तो बाहेर आला
तेव्हा गालभर छिद्रांचे ठसे.
बोटांनी चाचपत राहिला.
मग वाक्य आलं, अख्खं,
कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुठं न अडकता :
"बेकार जाळं. एकबी गाठ नाही याच्यात.
मासोळी अडकन कशी?"
मशीनवरच्या पोरानं तोंड फिरवलं.

रिकाम्या पोटी कॅप्सूल. बादली.
एकाच बाजूचे केस.
आईनं मासोळी दुसऱ्याच्या हातची विकली,
काट्यात पहिल्यांदाच खोट काढून घेतली.

तीन महिन्यांनी पुन्हा फिल्म.
सरांनी ती उजेडाकडे धरली.
आई फिल्म बघत नव्हती,
सरांची भुवई बघत होती,
तलावावरचा बुडबुडा बघावा तशी.
"आता तरी वाढलेली नाही."
ते 'आता तरी'
आम्ही एसटीतून घरी आणलं
बर्फावरच्या मासोळीसारखं,
सारखं हात लावून बघत.

मुखवटा खुंटीवर आहे, जुन्या जाळ्याशेजारी.
बाबा डाव्या हातानं सुई धरतो,
उजव्याच्या जागी माझा.
डोळा तीन बोटांचा हवा;
माझी बोटं बारीक, लहान पडतो.
उसवू का, मी विचारते.
तो बराच वेळ शब्द शोधतो.
"राहू दे," म्हणतो.
"बारीकबी... ते... लागते."